भागीदार म्हणता, मग करारात जागा द्या

(कोवलम, चेन्नई येथील कामगार अभ्यास शिबिरात मराठी साथींपुढे केलेले भाषण)



काल एका साथीने मला विचारले, "रेल्वेच्या माणसाने कचऱ्यावर काय बोलायचे?" प्रश्न रास्त आहे. मी दहावी शिकलेला माणूस, उभा जन्म यार्डात गेला. पण भंगार कसे विकतात ते मी जवळून पाहिले आहे.

रेल्वेचे जुने रूळ, चाके, निकामी डबे लिलावाने जातात. माल उचलताना भांडार, लेखा आणि सुरक्षा बल यांची माणसे काट्यापाशी उभी असतात. किलोकिलोचा हिशोब होतो. त्याच यार्डात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वेचणारी बाई मात्र कोणाच्याच हिशोबात नसते. नोकरीच्या सुरुवातीला एका मोठ्या स्टेशनवर अशाच एका बाईला रूळ ओलांडल्याबद्दल दंड झाला. ती मला म्हणाली, "भाऊ, तुमच्या गाडीची घाण मी उचलते, आणि गुन्हेगार मीच?" मला उत्तर देता आले नाही. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

तिने वेचलेली बाटली भंगारवाल्याकडे जाते, तिथून गोदामात, मग गठ्ठे बांधून कारखान्यात. कंपनीचा करार असतो तो शेवटच्या कारखानदाराशी किंवा मधल्या एजन्सीशी. त्यालाच कंपनी 'भागीदार' म्हणते. भाव वरून ठरतो आणि तोटा खाली उतरतो. 2014 नंतर कच्च्या तेलाचे भाव कोसळले, नवे प्लॅस्टिक स्वस्त झाले, तसा भंगार प्लॅस्टिकचा भावही पडला. बाईची मेहनत मात्र तेवढीच राहिली.

आता कायदा बदलला आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने उत्पादकांच्या जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जितके प्लॅस्टिक बाजारात आणले त्या प्रमाणात पुनर्वापराची प्रमाणपत्रे कंपनीने घ्यायची. ही प्रमाणपत्रे फक्त नोंदणी झालेला कारखाना देऊ शकतो. कागदावर हे चांगले दिसते. पण पहिल्याच वर्षाच्या, म्हणजे 2022-23 च्या व्यवहारात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सुमारे 6 लाख प्रमाणपत्रे खोटी आढळली. माल नाही, नुसता कागद! काट्यापाशी साक्षीदार नसला की असे होते. माझे म्हणणे असे की, सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे तो माल हाताने वेचणारी बाई. तिच्या संघटनेची वजनपावती जोडली, तर खोटे प्रमाणपत्र काढणे अवघड होईल.

संघटना होईल का, अशी शंका कोणी घेईल. पुण्याकडे बघा. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बहुतेक सभासद दलित स्त्रिया. पुढे त्यांना महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. पोलीस हटकेनासा झाला, ही काही लहान गोष्ट नव्हे. 2008 मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी घरोघरच्या कचऱ्याचा करार केला.

या बायकांनी कंपन्यांशीही हिशोब मांडला. 2013 च्या महिला दिनी त्यांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनची पोती मोठ्या उत्पादक कंपन्यांना परत पाठवली. तुमचा माल, तुम्हीच सांभाळा! 2016 च्या घनकचरा नियमांत प्रत्येक नॅपकिनबरोबर गुंडाळायला वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. ज्यांना कोणी भागीदार मानत नव्हते त्यांनी आवाज उठवल्यावर दाद लागली.

इथून चेन्नईकडे परतताना वाट वाकडी करून पेरुंगुडी पाहा. पल्लिकरणैच्या दलदलीत शहराने वर्षानुवर्षे कचरा ओतला. वेचणारे हात नसते, तर हे डोंगर आणखी किती उंच झाले असते याचा विचार करा.

तेव्हा आपल्या महासंघाने चार मागण्या हाती घ्याव्यात.

1. कंपनी आणि पुनर्वापर कारखाना यांच्या करारात वेचकांची संघटना तिसरा पक्ष असावी.
2. मालाला किमान भाव असावा, म्हणजे बाजार पडला तरी तिची चूल विझणार नाही.
3. हातमोजे, बूट, विमा आणि माल निवडायला छपराची जागा यांचा खर्च कंपनीने द्यावा.
4. स्टेशनवरील बाटल्यांचा ठेका देताना वेचकांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य मिळावे आणि त्यांना ओळखपत्र मिळावे. ही मागणी रेल्वेची आहे, तेव्हा तिची सुरुवात आपल्याच युनियनने करायची.

आपल्यातील काही जण म्हणतील, त्या बायकांना ना मस्टर, ना पगारपत्रक, मग त्या कामगार कशा? मित्रहो, हमालांबद्दलही एकेकाळी हेच म्हणत. हमाल पंचायत झाली, माथाडी कायदा 1969 मध्ये आला, आणि हमाल कामगार ठरला. मस्टर मागून येते, संघटना आधी व्हावी लागते.

त्या बाईचे नाव मी विचारले नाही, ही माझी चूक. तिच्या मुलीला तरी ओळखपत्र मिळाले, तर मी माझे कार्य झाले असे समजेन.

कामगार एकजुटीचा विजय असो!