टिटवी, अण्णा आणि एका रविवारचं पक्षी संग्रहालय

हेडफोन लावलेत? मध्येच मागून टिटवी ओरडताना ऐकू आली तर एडिटिंग चुकलं असं समजू नका. मी दिघीत घरीच रेकॉर्ड करतेय, खिडकी उघडी आहे, आणि ही टिटवी आजच्या गोष्टीत आहेच.

गोष्ट सुरू होते माझ्या वडिलांपासून. अण्णा मेहकर तालुक्यातले, आयुष्य शेतीत गेलेलं. आई गेल्यावर मी त्यांना इकडे घेऊन आले. मी भोसरी एमआयडीसीत नोकरी करते, नवरा चाकणला, मुलगी शाळेत. म्हणजे दिवसभर अण्णा आणि बाल्कनी. टीव्ही नको, खाली जायला नको. रोज एकच वाक्य, "पोरीच्या घरी किती दिस राहाव माणसानं?" यावर मी काय बोलणार? भाजी वाढायची आणि गप्प बसायचं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईला गेलो. मुलीला ममी बघायची होती म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरलो. ममी पाच मिनिटांत झाली. अण्णा मात्र प्राणी-पक्ष्यांच्या दालनात अडकले. तिथे काचेमागे धनेशाचं घरटं दाखवलंय. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसते, तोंड लिंपून बंद करून घेते, एक फट तेवढी ठेवते. त्या फटीतून नर तिला फळं भरवतो. अण्णांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे पाखरू जित्तं वाटते वं."

मग मी परतीच्या प्रवासात मोबाईलवर वाचत बसले. आपण 'पेंढा भरलेला पक्षी' म्हणतो ना, त्यात खरा असतो तो फक्त बाहेरचा भाग. कातडी, पिसं, चोच, पायाची हाडं. डोळे काचेचे. आणि दुसरी गोष्ट सलीम अलींची. तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. दहाएक वर्षांचा मुलगा, हातात एअरगन, त्यानं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली चिमणी म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्ड नावाच्या साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी पक्षी ओळखला, आणि वर कपाटं उघडून एकेक पक्षी दाखवला. पुढे १९२६ मध्ये हेच सलीम अली आम्ही पाहिलेल्या संग्रहालयात, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, लोकांना पक्ष्यांची माहिती सांगायला नोकरीला लागले. आणि १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं.

मला यातली चिमणी नाही, तो साहेब आवडला. कामाच्या वेळेत एका पोरासाठी कपाटं उघडत बसलेला माणूस. कपाटं काय, बऱ्याच ठिकाणी असतात. उघडून दाखवणारं कुणी नसतं.

तर ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, २०२० पासून. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, १२ ला सलीम अलींचा. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं की मधल्या रविवारी क्लबहाऊसमध्ये एका दिवसाचं पक्षी संग्रहालय करू या. अकरा जणांनी अंगठा दाखवला. प्रत्यक्ष तयारीला आले तीन, त्यातला एक सातवीतला.

पहिलाच प्रश्न, ठेवायचं काय? मुलांनी उत्साहात सांगितलं, आम्ही घरटी आणतो, पिसं आणतो. थांबा! वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. रानपक्ष्यांची अंडी उचलणं, घरटी मोडणं, मेलेला पक्षी आणून सजवून ठेवणं, हे आपण घरगुती पातळीवर करायचं नसतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राण्यांच्या टॅक्सिडर्मीचं केंद्र आहे, ते रीतसर वनखात्याच्या परवानगीनं चालतं. म्हणजे आमचं संग्रहालय असं, ज्यात एकही पक्षी नाही. हसू नका, आम्हीही हसलो होतो.

मग आम्ही मापं ठेवली. टीव्हीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून घारीचे पसरलेले पंख कापले, खऱ्या मापाचे, जवळजवळ दीड मीटर. भिंतीवर लावले. पोरांनी पाठ टेकून हात पसरायचे. पहिली-दुसरीतल्या कुणाचे हात पुरत नव्हते. आयांनी फोटो काढले, मग आयाच उभ्या राहिल्या, मग सिक्युरिटीवाले काका. दुसऱ्या टेबलावर दहा रुपयांचं नाणं. डोळे मिटायचे, तळहातावर नाणं घ्यायचं आणि सांगायचं, हे वजन कशाचं? ते शिंजिराचं. जास्वंदीच्या कुंडीवर येतो ना, तो चिमुकला, चकचकीत जांभळा. अख्खा पक्षी साधारण एका नाण्याएवढा. एका मुलीनं नाणं परतच देईना.

आवाज ओळखण्याचा खेळ मात्र साफ फसला. झेनो-कँटोवरून आवाज घेतले होते, पण स्पीकर कुणीतरी गणपतीतला आणला. बुलबुल असा काही ओरडला की तान्ही बाळं रडायला लागली. आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अर्धा तास एकाच प्रश्नावर अडून होते, "ते सगळं ठीक आहे, कबुतरांचं काय करणार?" त्यांच्या एसीवर कबुतरांनी संसार मांडलाय. बाल्कनीत दाणे टाकायचे थांबवा आणि जाळी लावा, एवढंच सांगू शकले. त्यांचं समाधान झालं नाही.

आता मुख्य भिंत. चितमपल्ली वनाधिकारी होते. जंगलात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची नावं गोळा केली. ती कल्पना मी उचलली. आमच्या सोसायटीत बघा, एमआयडीसीमुळे सगळा महाराष्ट्र राहतो. धुळे, लातूर, सोलापूर, बीड, चंद्रपूर. म्हणून पंधरा पक्ष्यांचे फोटो लावले, खाली कोरा कागद, आणि वर लिहिलं: तुमच्या गावाकडे याला काय म्हणतात? आजी-आजोबांना विचारून लिहा.

भारद्वाजाचा कागद सगळ्यात आधी भरला. कुंभारकावळा, सोनकावळा, कुक्कुडकुंभा. दोन आज्या वाद घालत होत्या की तो दिसणं शुभ म्हणजे कुठल्या बाजूनं दिसलं तर. पावशापाशी एक लातूरचे काका थांबले आणि त्यांनी चारचौघांत आवाजच काढून दाखवला, "पेरते व्हा, पेरते व्हा!" त्यांची बायको म्हणाली, वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय.

अण्णा खुर्ची घेऊन कोपऱ्यात. माझ्या आग्रहानं खाली आले होते, बस. तो सातवीतला मुलगा टिटवीचा फोटो घेऊन त्यांच्याकडे गेला. "आजोबा, ही रात्री ओरडली की वाईट असतं का?" अण्णा म्हणाले, "वाईट काऊन? तिच्या अंड्यापाशी कुत्रं आलं असंल, मून बोंबलते." मग सुरूच झाले. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच खड्यांत अंडी घालते. अंडी खड्यांसारखीच दिसतात. उंचवट्यावर घातली की पाऊस बम, खाली नाल्याकडे घातली की ओढ. मुलानं विचारलं, खरंच? अण्णा म्हणाले, "चुकते बी. रेडिओ बी चुकते." हे उत्तर मला अजून आवडतं. बघता बघता आठ-दहा पोरं मांडी घालून समोर बसली. मी चहा द्यायला गेले तर मला हातानंच "थांब" म्हणाले.

संग्रहालय सहाला आवरलं. पुठ्ठ्याची घार आता आमच्या पॅसेजमध्ये आहे.

नंतर पुढच्या रविवारी पोरांनी अण्णांना दत्तगडाकडे फिरायला नेलं. मोबाईलवर मर्लिन ॲप. ते आवाज ऐकून इंग्रजी नाव दाखवतं, अण्णा त्याच्या आधी त्यांचं नाव सांगतात. फेब्रुवारीत जगभर चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, त्यात निदान पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे आणि ईबर्डवर टाकायचे. यादी पोरांनी टाकली, मोजले अण्णांनी.

आणि मग मे महिना. सकाळी सातला बेल. तोच मुलगा, धापा टाकत, "आजोबा, टिटवी बसलीय!" सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर, खडीत, चार अंडी. नेमकी पाण्याचा टँकर वळतो त्या जागी.

मला वाटलं संपलं. उन्हाळ्यात टँकर थांबवायचा म्हणजे सोसायटीत दंगल. आधी ग्रुपवर तेच झालं: आम्हाला पाणी नाही आणि तुम्हाला पक्षी सुचतात. चूक नव्हतं त्यांचं. शेवटी मुलांनी ड्रायव्हरलाच जागा दाखवली. तो म्हणाला, पाइप लांब जोडा, मी गेटपाशीच उभा राहतो. सिक्युरिटीवाल्या काकांनी विटा लावल्या, लांबून, गोल. आणि अण्णा सकाळी व संध्याकाळी जिन्याच्या खिडकीत खुर्ची टाकून पहाऱ्याला.

दुपारच्या उन्हात टिटवी उठून जायची आणि ओल्या पोटानं परत यायची. पिसं भिजवून ती अंडी गार ठेवते. हे मी वाचलं होतं, अण्णांनी लहानपणी पाहिलं होतं. पोरांनी तिच्यासाठी एक पसरट परात भरून दूर ठेवली. नर-मादी आळीपाळीनं बसतात, जवळपास चार आठवडे. एक अंडं गेलं, कशानं ते कळलं नाही. उरलेल्या तिघांतून पिल्लं निघाली आणि त्याच दिवशी चालायला लागली, लोकरीच्या गोळ्याला पाय फुटावेत तशी. दोन दिवसांत गवतात गेली. टँकर परत जुन्या जागी.

मृग लागला तसे अण्णा पेरणीला गावी गेले. थांबा म्हणाले नाही मी, शेत आहे त्यांचं. आठ दिवसांनी फोन आला. माझी चौकशी नाही, नातीची नाही. "पिल्लं दिसली का वं?"

पोरांनी नोव्हेंबरच्या रविवारची यादी आत्ताच केलीय. घारीचे पंख, नाणं, नावांची भिंत. टिटवीच्या टेबलापुढे त्यांनी अण्णांचं नाव लिहून ठेवलंय. मी ते अण्णांना कळवलंय. "पाहू" म्हणालेत.

चला, थांबते. ऐकलंत का आत्ता? तीच. भेटू पुढच्या भागात.