नागोठण्यात नागोठणेकर का सापडत नाही?

आजचा एपिसोड जरा घरचा आहे.

माझं आडनाव नागोठणेकर. जन्म मुंबईचा, नोकरी पुण्यात, काम कोडिंगचं. नागोठणं मी पाहिलं ते फक्त मुंबई-गोवा हायवेवरच्या पाटीवर. माझी आजी ८४ वर्षांची आहे. तिचं एकच पालुपद, “गावच्या भावकीनं तुझ्या पणज्याची जमीन खाल्ली.” ही भावकी कोण, राहते कुठे, कुणालाच ठाऊक नाही. राग मात्र पक्का!

पणजोबा १९२५ च्या आसपास मुंबईला आले. तेव्हा भरतीच्या पाण्यावर अंबा नदीतून नागोठण्यापर्यंत होड्या यायच्या. तिथून मचव्यात बसून धरमतरच्या खाडीतून ते मुंबईला आले आणि गिरणीत लागले. घरात एवढीच गोष्ट माहीत होती.

मी आधी मोबाईलवर महाभूलेख उघडलं. गाव नागोठणे, आडनाव नागोठणेकर. रिझल्ट शून्य. मग सुट्टी टाकून रोह्याला गेलो, कारण नागोठणं आज रोहा तालुक्यात आहे. दोन चकरा फुकट गेल्या. चूक माझीच. ब्रिटिशांच्या काळात नागोठणे पेटा पेण तालुक्यात होता. आणि जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, रायगड नव्हे. म्हणजे जुनं काही शोधायचं तर आधी त्या वेळचा तालुका आणि जिल्हा कोणता होता ते बघा.

मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी भेटले. माझं आडनाव ऐकून ते हसलेच. म्हणाले, “अरे बाळा, नागोठण्यात सगळेच नागोठण्याचे. इथे कोण कुणाला नागोठणेकर म्हणेल?”

मी गार! इतके दिवस मी चुकीच्या की-ने डेटाबेस शोधत होतो. ‘कर’ हे बहुतेकदा गाव सोडल्यावर लागतं. आपल्याच जिल्ह्यातल्या बेने इस्रायली लोकांची आडनावं बघा ना: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर. गावाचं नाव घेऊन माणसं पुढे गेली. माझं आडनावही मुंबईच्या चाळीत जन्मलं असणार. गावच्या दप्तरात ते कुठून सापडणार?

मग आडनाव सोडलं आणि फक्त नावं धरली. गिरणीच्या एका जुन्या कागदावर पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव होतं. जुन्या नोंदीत ‘अमुक बिन तमुक’ असं लिहितात. बिन म्हणजे मुलगा. आधी जन्म-मृत्यूची नोंदवही पाहिली, म्हणजे गाव नमुना १४. तिलाच कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा ही नावं बातम्यांत ऐकली असतील. त्यात पणजोबांचा जन्म सापडला. मग फेरफार, म्हणजे गाव नमुना ६.

तिथे १९३० च्या दशकातली एक नोंद होती. गुरुजी बोट ठेवून सावकाश वाचत होते. पणजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव म्हात्रे, ‘हल्ली मुक्काम मुंबई’. आणि पुढे: आपला हिस्सा रोख रक्कम घेऊन भावास दिला.

मी परत वाचायला लावलं. कुणी जमीन खाल्ली नव्हती. पणजोबांनी स्वतः पैसे घेतले होते. कशासाठी घेतले ते कागद सांगत नाही. खोली घेतली असेल, कुणाचं आजारपण असेल. घरी का सांगितलं नाही, तेही माहीत नाही.

आजीला सांगू की नको, यात आठवडा गेला. शेवटी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे साठ वर्षं मी उगाच शिव्या घातल्या त्यांना.” आणि थोड्या वेळाने, “आहे का रे कुणी तिथे?”

आहेत. त्या भावाचा पणतू नागोठण्यातच राहतो. माझ्याच वयाचा आहे. मी फोन केला तर तो म्हणाला, “आमच्याकडे सांगतात, एक आजोबा मुंबईला गेले आणि आम्हाला विसरले.”

पुढच्या रविवारी आजीला घेऊन जातोय.

तुम्हाला एकच सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आजच आडनाव नको, नावं लिहून घ्या. बापाचं, त्याच्या बापाचं, भावांचं. आडनाव बदलतं, तालुका बदलतो. नावांची साखळी हातात असली की कागद सापडतो. आणि सापडलेला कागद आपल्याच बाजूने बोलेल असं मात्र धरून चालू नका.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!