नायोबी कोण, आणि इथेच का?



शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ मुळातून वाचणारे अनेकजण पहिल्याच अंकात अडखळतात. वडील जाऊन दोन महिनेही झालेले नाहीत आणि आईने काकाशी लग्न केलं आहे. संतापलेला हॅम्लेट स्वतःशीच बोलतो : वडिलांच्या अंत्ययात्रेत आई नायोबीसारखी रडत होती. तळटीप सांगते, नायोबी म्हणजे ग्रीक पुराणातली शोकमग्न माता. तेवढं वाचून आपण पुढे सरकतो, आणि हॅम्लेटचा खरा घाव निसटतो.

नायोबी थीब्जची राणी. लॅटोना देवीला दोनच मुलं, मला कितीतरी, असा तिला गर्व झाला. ती दोन मुलं म्हणजे अपोलो आणि डायना. त्यांनी नायोबीची मुलं बाणांनी मारली. दुःखाने तिचा दगड झाला, तरी त्यातून आसवं झरतच राहिली. हॅम्लेटच्या आईची, राणी गर्ट्रूडची, आसवं मात्र महिन्याभरात आटली. मुलाने आईवर ठेवलेला सगळा आरोप त्या एका नावात आहे.

दुसऱ्या अंकात एक नट ट्रॉयच्या पाडावाचं वर्णन करतो. ग्रीक योद्धा पिऱ्हस ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजा प्रायमला मारतो आणि त्याची राणी हेक्युबा आक्रोश करते. हॅम्लेटसमोर आता पतीसाठी खरोखर रडणारी राणी उभी राहते. नटाला तिच्यासाठी रडू फुटतं, आणि खून झालेल्या वडिलांचा सूड न घेतल्याबद्दल हॅम्लेट स्वतःला धारेवर धरतो.

शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडमधल्या ग्रामर स्कूलमध्ये मुलं लॅटिन शिकत, आणि या पुराणकथा सांगणारा रोमन कवी ओव्हिड वाचत. आर्थर गोल्डिंगने केलेलं ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’चं संपूर्ण इंग्रजी भाषांतर १५६७ मध्ये निघालं होतं. पण एक पेनी देऊन नाट्यगृहाच्या अंगणात उभं राहणाऱ्या अनेकांनी शाळा पाहिलेली नव्हती. त्यांच्यासाठी शेक्सपिअर हेक्युबाची गोष्ट आधी रंगमंचावर सांगून घेतो.

आता भाषेविषयी. अनोळखी शब्द कोशात सापडतो. ओळखीचा शब्द जास्त फसवतो. वडिलांच्या भुताच्या मागे निघालेला हॅम्लेट, मला जो ‘लेट’ करील त्याला ठार मारीन, अशी धमकी देतो. तिथे ‘लेट’ म्हणजे ‘अडवणं’, आजच्या अर्थाच्या नेमकं उलट.

एका बाबतीत मात्र मराठी माणूस आजच्या इंग्रज वाचकाच्या पुढे आहे. तिसऱ्या अंकात आई हॅम्लेटला ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’ म्हणत रागावते. तो ‘यू’ म्हणून, म्हणजे ‘तुम्ही’ म्हणून, तिचंच वाक्य तिच्यावर उलटवतो. मग तीही ‘यू’वर येते. मायलेकांत पडलेलं हे अंतर आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझी विनंती आहे, प्रवेश आधी टिपा न पाहता मोठ्याने वाचा. राग, दुःख, टोमणा कानांना कळतो. मग टिपांकडे वळा आणि प्रत्येक नावाला दोन प्रश्न विचारा : हा कोण, आणि इथे हाच का? पहिल्याचं उत्तर टीप देईल. दुसऱ्याचं उत्तर नाटकातच शोधावं लागतं, आणि ते शोधताना नाटक आपलं होतं.