चाळणीतून निसटणारे विष

आज सुरुवात कोलकात्यापासून करू या.

1983 साली तिथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतले रुग्ण आले. अंगावर काळे डाग, तळहात-तळपाय खडबडीत. कारण निघाले कूपनलिकेच्या पाण्यातले आर्सेनिक. तळ्यातले जंतू टाळण्यासाठीच तर लोक कूपनलिकेकडे वळले होते! या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर घेतले, तर सगळ्यांत मिळून एक ग्रॅम.

मग पाणी गाळून का घेऊ नये? 2004 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठ आणि अमेरिकेतील रेन्सलर संस्थेच्या संशोधकांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांचे गाळणे तयार केले. त्याने ई. कोलाय जंतू अडवले, सुमारे 25 नॅनोमीटरचा पोलिओचा विषाणूही अडवला. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पण पाण्यात विरघळलेले आर्सेनिक एका नॅनोमीटरहूनही लहान असते. ते अशा गाळण्यातून सहज निसटते.

दुसरी युक्ती विद्युतभाराची. नळीच्या तोंडाशी ऋणभार ठेवला, की ऋणभारित आर्सेनेट मागे ढकलले जाते. पण भूजलात बरेचदा आर्सेनाइट असते आणि साध्या पाण्यात त्यावर भारच नसतो. त्याला कोण अडवणार?

म्हणून आधी पकडायचे, मग गाळायचे. कोलकात्यातल्याच केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने हा मार्ग घेतला: आर्सेनिक बारीक शोषक कणांना चिकटू द्यायचे आणि ते कण सिरॅमिकच्या पडद्याने वेगळे करायचे.

नॅनोनळीचा आणखी एक उपयोग म्हणजे ओळख पटवणे. खारट द्रावणाने भरलेल्या नळीतून वीजप्रवाह चालू ठेवायचा. मोठा रेणू आत शिरला, की प्रवाह क्षणभर घटतो. दारातून कुणी गेले की उजेड अडतो, तसेच. अमेरिकेत चार्ल्स मार्टिन यांनी सोन्याच्या नॅनोनळ्यांचे पडदे करून रेणू वेगळे करणे आणि ओळखणे, दोन्हींवर काम केले.

तेव्हा उद्या कुणी ‘नॅनो फिल्टर’ विकायला आला, तर तीन प्रश्न विचारा. हा नेमके काय अडवतो? याची क्षमता संपली हे मला कसे कळेल? आणि अडवलेले विष शेवटी टाकायचे कुठे? तिसऱ्याचे उत्तर नसेल, तर ते विष फिरून कुणाच्या तरी विहिरीतच जाईल.