कांचेच्या पेटींतील चालता सूर्य



बीड शहरापासून समुद्र सरळ रेषेंत मोजला तरी सुमारें 300 किलोमीटर दूर आहे. ज्या जिल्ह्यांत उन्हाळा आला कीं पाण्याच्या खेपा मोजाव्या लागतात, तेथें कोणी दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची पेटी मांडावी, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या भुंवया वर जातील. आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर दिल्यावांचून मी आपली रजा घेणार नाहीं. परंतु 1951 सालीं मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून रंगीत समुद्रमाशांची हौस देशावरच्या घरांतूनही रुजली आहे. त्या हौसेंतील एकाच अंगाविषयीं, म्हणजे पेटीवरच्या दिव्याविषयीं, आज बोलावयाचें आहे.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतिही नव्हे. तो प्राणी आहे. त्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवालाचें बिऱ्हाड असतें. तें शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न सिद्ध करतें आणि त्यांतील मोठा वांटा यजमानास देतें. पाणी फार तापलें कीं हें बिऱ्हाड मोडतें व प्रवाळ पांढरा पडतो. आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर, विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें 105 किलोमीटरांवर, कान्होजी आंग्रे यांच्या नांवानें ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. तेथें वीसएक मीटर खोलीवर प्रवाळांची वस्ती आहे. तितक्या खोलीवर तांबडा प्रकाश जवळजवळ पोंचत नाहीं, निळा पोंचतो. म्हणूनच अशा पेट्यांवरील एलईडी दिवे निळसर असतात.

आतां स्थिर दिव्याचा दोष पाहा. दिवा माथ्यावर खिळला कीं खडकाच्या कपारींत रात्रंदिवस एकच सावली राहते. समुद्रांत तसें होत नाहीं. सकाळीं उजळलेली बाजू दुपारनंतर सावलींत जाते. सावल्या मारण्यासाठीं चार दिवे लावावे, तर वीज व उष्णता दोन्ही वाढतात. आणि बीडच्या वैशाखांत उष्णता विकत घेण्याची कोणास गरज नाहीं! त्यापेक्षां एकच दिवा रुळावरून हळूहळू चालवावा, हें अधिक शहाणपणाचें.

कोणी म्हणेल, सूर्य तर कमानींतून जातो, मग रूळ सपाट कसा? याचें उत्तर पाण्यांतच आहे. हवेंतून पाण्यांत शिरतांना किरण लंबाकडे वळतो. क्षितिजावरून अगदीं आडवा आलेला किरणही पाण्याखालीं लंबापासून सुमारें 49 अंशांच्या पलीकडे कललेला राहत नाहीं. म्हणजे माशाच्या दृष्टीनें सूर्य कधीं फारसा खालीं उतरतच नाहीं. तेव्हां सपाट रूळ पुरेसा आहे. कमानीचा खटाटोप केवळ पाहणाऱ्यांच्या समाधानासाठीं.

चार फुटी पेटी घेऊं. दिव्याला 90 सेंटिमीटर चालावयाचें आहे आणि दिवस आठ तासांचा धरला आहे. ज्याच्या आट्यांतील अंतर सव्वा मिलिमीटर आहे असा 8 मिलिमीटर जाडीचा आट्यांचा गज घेतल्यास त्याला 720 फेरे लागतील. आठ तासांच्या 480 मिनिटांत ते बसवावयाचे, म्हणजे मिनिटाला दीड फेरा. इतक्या मंद गतीची 12 व्होल्टची दंतचक्रांची मोटर मिळते. दिवा दोन गुळगुळीत नळ्यांवर टेकवावा, गजानें तो फक्त ढकलावा. भार गजावर टाकूं नये. दोन्ही टोकांस एकेक स्विच असावा, म्हणजे दिवा येऊन टेकतांच मोटर थांबेल. आणि त्या स्विचाला समांतर एक डायोड जोडावा, म्हणजे प्रवाह उलटा केल्यावर परतीची वाट मोकळी राहील. दिवा रात्रीं परत आणण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो उलट दिशेनें निघूं द्या. सूर्य पश्चिमेस उगवला तरी या पेटींत कोणाची तक्रार नसते.

बीडला सूर्य माथ्याशीं येतो तो घड्याळांत साडेबाराच्या सुमारास. आपला दिवाही साडेआठला निघून साडेचारला पोंचावा. घरच्या उजेडाशीं मेळ बसतो.

गजावरील फिरकी पितळेची मात्र घेऊं नये. खाऱ्या दमट हवेंत ती गंजते, आणि तिचा थेंब पाण्यांत पडला तर त्यांतील तांबें कोळंबी व प्रवाळ यांना विष आहे. नायलॉनची घ्यावी. विजेच्या गळतीबरोबर प्रवाह तोडणारा स्विच तर अवश्य हवा. पाणी, मीठ, वीज आणि घरांतील मुलें एकत्र असतां येथें काटकसर करणें हा अविचार होय.

आतां कायद्याचें. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत 2001 सालापासून खडक बांधणारे प्रवाळ व सागरी पंखे आहेत. आपल्या समुद्रांतून ते उचलणें वा बाळगणें हा गुन्हा आहे. दुकानदार "सर्व चालतें" म्हणाला तरी विश्वास ठेवूं नये. समुद्रशैवाल आणि बंदिस्त पाण्यांत पैदास झालेले मासे यांवर पेटी सजूं शकते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें क्लाऊनमाशाची तशी पैदास साधली आहे. शैवालालाही चालत्या दिव्याचा लाभ होतोच.

राहिला पाण्याचा प्रश्न. चार फूट लांब व दीड दीड फूट रुंद-उंच पेटींत सुमारें 240 लिटर पाणी मावतें. लिटरला 35 ग्रॅमप्रमाणें साडेआठ किलोच्या आंतबाहेर समुद्री मीठ लागतें. घरगुती आरओ गाळणी एक लिटर शुद्ध पाण्यामागें दोन-तीन लिटर टाकून देते. तें टाकाऊ पाणी फरशी-भांड्यांस वापरावें, आणि पेटी पावसाळ्यांतच भरावी. ज्या वर्षीं नळाला पंधरा दिवसांनीं पाणी येतें त्या वर्षीं नवी पेटी मांडूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्यांत पाण्यावरून पंख्याचा वारा घातला तर येथील कोरड्या हवेंत तें चांगलें थंड होतें, पण त्याच वेगानें आटतेंही. आटलेली भर गोड्या पाण्यानेंच करावी, कारण मीठ मागें उरलेलें असतें. आणि दिव्याखालच्या कांचेवर चढलेला मिठाचा पापुद्रा आठवड्यांतून एकदां ओल्या फडक्यानें पुसावा. नाहीं तर दिवा चालत राहील आणि उजेड वरच अडेल.