दोरी, दगड आणि उद्याचं गाव



वीज कुठून येते, असं शाळेतल्या मुलांना विचारून बघा. पुष्कळ जण म्हणतील, "खांबावरून." उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. खांबाच्या मागे चंद्रपूरसारखं कोळशावरचं वीजकेंद्र आहे, कोयनेचं धरण आहे. कोळशावर एक युनिट वीज करायला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. त्या कोळशासाठी रान खोदलं जातं. धरणाच्या पाण्याखाली कुणाची तरी गावं गेली. हे मुलांना कळायला हवं, आणि त्याची सुरुवात आपल्या विहिरीपासून करता येते.

महिन्यातून एकदा, बाई किंवा गुरुजी सोबत असताना, दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचा. काठापासून पाणी किती खाली आहे, ते मुलांनी वहीत लिहायचं. शेजारी महिन्याचा पाऊस लिहायचा. पाच एचपीची मोटर तासाला जवळपास ४ युनिट वीज घेते. पाणी खाली गेलं की तेवढंच पाणी वर आणायला ती जास्त वेळ चालवावी लागते. म्हणजे वीज जास्त आणि कोळसाही जास्त. पाणी, वीज आणि रान यांचं नातं मुलं असं स्वतः मोजून शिकतात.

मग त्यांना विचारायचं, "तुम्ही आमच्या वयाचे व्हाल तेव्हा ही विहीर कशी असेल?" जो तो बोअर खोल नेत राहिला तर काय होईल? बांधबंदिस्ती केली आणि पाणी बघून पीक घेतलं तर? सौर पंप बसवले तर? सौर पंपानं कोळसा वाचतो. पण वीज फुकट म्हणून दिवसभर उपसा केला, तर विहीर आटायची ती आटतेच. हेही मुलांनीच शोधून काढू द्या.

असा विचार करून चालणारं गाव आपल्याच राज्यात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे.

आता आपलं काम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. त्या जागेवर नुसती सही करायला बसू नका. पाणी खाली गेल्याचं हंडा भरणारीला सगळ्यात आधी कळतं. तेव्हा या विषयात बोलायचा पहिला मान आपला आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत ठरवा आणि समितीत मागणी करा: एक दोरी, एक वही आणि महिन्यातला एक तास.