खांदेरीचा दिवा



खांदेरीवर दीपगृह उभे राहिले ते १८६७ साली. परंतु त्या दिव्याची गोष्ट सांगावयाची तर आम्हांस आधी तेथल्या काळोखाविषयी बोलले पाहिजे.

थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदराच्या दक्षिण वाटेवर हे लहानसे बेट आहे. १६७९ साली शिवछत्रपतींनी मायनाक भंडारी यास पाठवून तेथे तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी जहाजे आणून नाकेबंदी केली. पुढे सिद्दीही येऊन मिळाला. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. पण वारा पडला की ती जागच्या जागी डोलत राहत. इकडे आमच्या लोकांच्या हलक्या, उथळ होड्या रात्रीच्या अंधारात वल्ह्यांच्या जोरावर त्यांच्यामधून निसटत आणि दाणागोटा व माणसे बेटावर उतरवीत. लढाईची वर्णने तोफांनीच भरलेली असतात. आमच्या मते खांदेरी राखली ती या वल्हेकऱ्यांनी, आणि त्यांचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर बून याने कान्होजी आंग्र्यांकडून बेट हिसकावण्याचा प्रयत्न केला, तोही फसला.

मग राज्य पालटले. ज्या बेटाला काळोखाने वाचविले, त्याच बेटावर मुंबईस येणाऱ्या जहाजांसाठी अष्टकोनी मनोरा बांधून दिवा लावण्यात आला. दिवा परक्याच्या व्यापारासाठी होता हे खरे. पण उजेडाला निशाण ओळखता येत नाही. थळच्या कोळ्याचा मचवाही त्याच दिव्याच्या आधाराने परतू लागला. दीपगृहाच्या दिव्यापुढे काचेची भिंगे असतात. ती इतस्ततः फाकणारा उजेड गोळा करून एका झोतात दूर फेकतात. प्रत्येक दिव्याची उघडझाप निराळी. ती मोजली की तांडेलाला ठिकाण कळते.

आज उपग्रहावरून जहाजाला आपली जागा समजते; मग दिवा कशाला, असे विचारणारे भेटतात. यंत्र बंद पडलेल्या लहान होडीने काय करावे, याचे उत्तर मात्र ते देत नाहीत.

१९९८ साली या बेटास कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळाले. २०२५ साली खांदेरी किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता तटाची डागडुजी होईल, पाहुणे येतील, आणि हा मनोरा किल्ल्यावरचे परके बांधकाम आहे असेही कोणी म्हणेल. तटाइतकीच त्याचीही निगा राखली जावी, एवढी आमची मागणी आहे.